शंभर ग्रॅम इंधनाचे भविष्यकथन

हिवाळा सरत आला की फॉर्म्युला वनच्या जगात दरवर्षी एक व्रत निष्ठेने पाळले जाते. बार्सिलोनाच्या किंवा बहारीनच्या ट्रॅकवर नव्या गाड्या चाचणीसाठी उतरतात, सायंकाळी दिवसभरातील सर्वोत्तम वेळांचा तक्ता निघतो आणि रात्रीची जेवणे व्हायच्या आत विश्लेषक मंडळी त्या तक्त्यावरून सर्व संघांची उतरंड लावून मोकळी होतात. अमका संघ यंदा अजिंक्य, तमक्याची सद्दी संपली, अमुक चालकाला ही गाडी झेपणार नाही. एकही शर्यत झालेली नसते. निकाल मात्र लागलेला असतो, आणि तो अशा थाटात सांगितला जातो की शर्यती भरवणे हा केवळ एक उपचार उरावा.

हा प्रकार निरुपद्रवी करमणूक आहे असे मानणाऱ्यांचा एक वर्ग आहे. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. या निकालांना मोजमापाचा मुखवटा असतो, आणि मुखवट्यामागे बहुतेक वेळा आधीच तयार असलेला ग्रह असतो. त्याची किंमत हे निकाल लिहिणारे देत नाहीत, गाडीत बसणारे देतात.

२०१९ चे उदाहरण घेऊ. बार्सिलोनातील आठ दिवसांच्या चाचण्या संपल्या तेव्हा फेरारीच्या सेबास्टियन फेटेलची सर्वोत्तम वेळ होती १ मिनिट १६.२२१ सेकंद आणि मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनची १ मिनिट १६.२२४. त्यातही सगळ्यांचे एकमत होते की फेरारी पुढे आहे. खुद्द हॅमिल्टननेच फेरारी अर्ध्या सेकंदाने पुढे असू शकेल असे सांगून टाकले होते. १७ मार्चला मेलबर्नला पहिली शर्यत झाली. मर्सिडीजच्या वाल्टेरी बोटासने ती जिंकली, हॅमिल्टन दुसरा आला आणि फेटेल विजेत्याच्या सुमारे ५७ सेकंद मागे, चौथा. पुढच्या चारही शर्यतींत पहिले दोन क्रमांक मर्सिडीजकडेच राहिले. तीन आठवड्यांपूर्वी फेरारीच्या नावाने चौघडे वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते का वाजवले याचा जाब स्वतःला विचारला? बहुतेकांनी विषय बदलला. असो.

त्या तक्त्यातील तीन सहस्रांश सेकंदाच्या फरकाचा अर्थ काय, हे जरा हिशेबाने पाहावे. बार्सिलोनासारख्या ट्रॅकवर गाडीत दहा किलो इंधन जास्त असले तर एका फेरीला सुमारे तीन दशांश सेकंद जास्त लागतो. २०१९ च्या नियमांनुसार शर्यतीसाठी ११० किलोपर्यंत इंधन वापरता येत होते. म्हणजे भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यांत तीन सेकंदांहून अधिक अंतर पडते. चाचणीच्या दिवशी कोणाच्या टाकीत किती इंधन आहे हे त्या संघाखेरीज कोणालाही ठाऊक नसते आणि ते सांगण्याचे बंधनही नसते. या हिशेबाने तीन सहस्रांश सेकंद म्हणजे शंभर ग्रॅम इंधन, चहाच्या एका कपात मावेल एवढे. त्यावर कोणाचा हंगाम कसा जाईल याचे निबंध लिहिले गेले! शिवाय इंधन हे एकच अज्ञात नाही. टायर कोणत्या जातीचे होते, नवे होते की वापरलेले, इंजिनाची पूर्ण ताकद वापरली की हात राखून ठेवला, ट्रॅक दुपारी तापलेला होता की सायंकाळी निवलेला, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या फरकाच्या कितीतरी पट मोठी आहे. बहारीनची शर्यत २०१४ पासून दिव्यांच्या उजेडात होते आणि चाचणीचे बहुतेक तास मात्र वाळवंटातल्या उन्हात जातात. वेळांच्या तक्त्यात यातले अज्ञात काहीच उमटत नाही. उमटतो तो फक्त शेवटचा आकडा, आणि नेमका तोच प्रत्येक संघाला आपल्या मर्जीप्रमाणे ठरवता येतो.

यावर विश्लेषकांचे ठरलेले उत्तर असते: आम्हाला हे सारे माहीत आहे, आम्ही ते जमेस धरतो. ते कसे जमेस धरतात हे पाहण्यासारखे आहे. बडा संघ मंद दिसला तर तो वेग लपवतो आहे. लहान संघ वेगवान दिसला तर प्रायोजकांना भुलवण्यासाठी त्याने टाकी रिकामी ठेवून दिखाऊ फेरी मारली आहे. बडा संघ वेगवान दिसला तर तो वेगवान आहेच आणि लहान संघ मंद दिसला तर तोही मंद आहेच. म्हणजे तक्त्यात काहीही आले तरी निष्कर्ष गेल्या वर्षीचाच! कोणत्याही पुराव्याने जे मत बदलू शकत नाही, ते पुराव्यावरून काढले असे म्हणणे ही वाचकाची फसवणूक आहे. कुडमुडे ज्योतिषी निदान पोपटाला बाहेर काढून पत्ता उचलू देण्याचे कष्ट घेतात.

२०२२ मध्ये या पद्धतीचे पितळ चांगलेच उघडे पडले. त्या वर्षी नियम बदलले होते. मर्सिडीज बहारीनला जवळजवळ बगलाच नसलेली अरुंद गाडी घेऊन आली आणि ती सरळ रस्त्यावर उसळ्या मारत होती. आम्ही सध्या विजयासाठी लढण्याच्या स्थितीत नाही, असे हॅमिल्टन सांगत होता. कोणी विश्वास ठेवला नाही. मर्सिडीज दरवर्षी असेच रडते, लांडगा आला रे आला, अशी त्याची टवाळी झाली. यावेळी लांडगा खरोखर आला होता. मर्सिडीजला त्या वर्षी एकच शर्यत जिंकता आली, तीही नोव्हेंबरात ब्राझीलला, जॉर्ज रसेलकडून. हॅमिल्टनच्या कारकिर्दीतला तो पहिला विजयाविना गेलेला हंगाम. गाडी डोळ्यांदेखत उसळत होती, चालक तोंडाने सांगत होता, आणि तज्ज्ञ मात्र त्यामागचा डाव शोधत बसले होते.

याहून बोलकी जोडी २००१ आणि २००९ ची आहे. अलँ प्रोस्टच्या संघाला २००० मध्ये एकही गुण मिळाला नव्हता. प्यूजोचे इंजिन गेले होते, मुख्य प्रायोजक गेला होता, आणि पैसे मोजून घेतलेली फेरारीची इंजिने एसरच्या नावाने गाडीत बसवली होती. २००१ च्या हिवाळी चाचण्यांत जाँ अलेझीने त्या गाडीतून बार्सिलोनात सर्वांत वेगवान वेळा नोंदवल्या. अख्ख्या हंगामात संघाच्या पदरी पडले चार गुण. जानेवारी २००२ मध्ये संघ बंद झाला. आठ वर्षांनी पुन्हा तेच चित्र. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने काढता पाय घेतला. रॉस ब्रॉन यांनी संघ ताब्यात घेतला, घाईघाईने मर्सिडीजचे इंजिन बसवले, आणि मार्चमध्ये बार्सिलोनाला जवळजवळ कोरी, प्रायोजकांविना पांढरी गाडी उतरली. ती सर्वांपेक्षा वेगवान ठरली. हलकी गाडी पळवून प्रायोजक गळाला लावण्याचा हा खटाटोप आहे, अशी शंका तेव्हाही घेतली गेली. मेलबर्नला तिचे पहिले दोन क्रमांक आले, जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि वर्षअखेर चालकांचे व संघांचे अशी दोन्ही विजेतेपदे तिच्याकडे गेली.

दोन्ही वेळी तक्ता एकच गोष्ट सांगत होता: पैशाची चणचण असलेला संघ सर्वांत वर. एकदा ते खोटे होते, एकदा खरे. फरक तक्त्यात नव्हताच. तो ब्रॅकलीच्या कारखान्यात होता. होंडाने २००८ च्या गाडीवर लवकर पाणी सोडून पुढल्या वर्षीच्या नव्या नियमांसाठी मनुष्यबळ लावले होते, आणि दुहेरी डिफ्यूजरची कल्पना त्या गाडीत होती. ज्याला ब्रॉनचे यश आधी ओळखायचे होते त्याला नियमपुस्तक वाचावे लागले असते आणि गाडीचा मागचा भाग निरखावा लागला असता. वेळांवर नजर लावून बसलेल्याला नाणे उडवण्याहून अधिक काही साधले नसते.

मग चाचण्यांतून काहीच कळत नाही काय? कळते, आणि तेच सांगितले जात नाही हे माझ्या तक्रारीचे मूळ आहे. सोंग सगळ्याचे आणता येते, मजबुतीचे आणता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये हेरेझला नव्या संकरित इंजिनांच्या पहिल्या चाचणीत चार दिवसांत मर्सिडीजच्या गाडीने ३०९ फेऱ्या मारल्या. आधीची सलग चार वर्षे विजेत्या ठरलेल्या रेड बुलने २१. हे आकडे कोणी लपवू शकत नव्हते. मर्सिडीजने त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. (उरलेल्या तिन्ही रेड बुलच्या डॅनियल रिकार्डोने जिंकल्या आणि संघ दुसरा आला, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे फेऱ्यांची संख्या बोलते, पण तीही सगळे बोलत नाही.) तसेच सलग पंधरा-वीस फेऱ्यांच्या धावेचे. एका फेरीत टाकी रिकामी ठेवून डोळे दिपवता येतात. पण शर्यतीइतके अंतर न थांबता कापायचे तर पुरेसे इंधन भरावेच लागते, आणि टायर झिजताना वेळ किती ढासळते हे तिऱ्हाइतालाही मोजता येते. २०२५ मध्ये बहारीनच्या तक्त्यात सर्वांत वर विल्यम्सच्या कार्लोस साइन्झचे नाव होते. मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसने मात्र दुसऱ्या दिवशी लांब पल्ल्याच्या धावेत जो वेग टिकवला तो ज्यांनी फेरीगणिक मांडून पाहिला त्यांना काय ते समजले. पहिली शर्यत नॉरिसने जिंकली, विजेतेपदही त्याचे आणि संघाचे झाले. विल्यम्स पाचवा आला. असे फेरीगणिक टिपण करणारे अभ्यासक आहेत. ते सन्माननीय अपवाद होत. ते बहुधा ‘हे दोन संघ यंदा सावरलेले दिसतात’ इतकेच म्हणून थांबतात आणि म्हणूनच मथळ्यात येत नाहीत.

चाचणी ही मुळात संघाने शिकण्यासाठी असते, आपल्याला दाखवण्यासाठी नव्हे, ही साधी गोष्ट विसरली जाते. गाडीवर हिरवट द्रावण फासून हवा कशी वाहते ते पाहायचे, चाकांमागे जाळीसारखी मापनयंत्रे बांधून हळू फेऱ्या मारायच्या, मुद्दाम वाईट जुळणी करून ती किती वाईट आहे हे मोजायचे. नाटकाच्या तालमीत नट निम्म्या आवाजात संवाद म्हणतो तो घसा राखण्यासाठी. त्यावरून त्याला आवाजच नाही असे कोणी लिहीत नाही. आणि ही तालीम हुकली तर काय होते? २०१० मध्ये हिस्पानिया संघाला हंगामाआधी एक दिवसही चाचणी करता आली नाही. आपला करुण चंडोक बहारीनला त्या गाडीत पहिल्यांदा प्रत्यक्ष धावला तो थेट पात्रता फेरीत, कारण सरावाच्या वेळात गाडी तयारच नव्हती. शर्यतीत तो दुसऱ्याच फेरीत बाद झाला. त्यावर भारतातल्या काही उत्साही मंडळींनी नाके मुरडली. दोन आठवड्यांनी मेलबर्नला त्याने तीच गाडी शेवटपर्यंत नेऊन १४ वा क्रमांक मिळवला, तेव्हा ती मंडळी दुसरीकडे पाहत होती.

चालकांच्या बाबतीत हा उथळपणा क्रूर होतो. २०१९ मध्ये बार्सिलोनात पिएर गासलीने रेड बुलची गाडी दोनदा ठोकली. संघाचा चाचणीचा मोलाचा वेळ गेला, हे खरे. त्याचे उत्तर गासलीला देणे भागच होते. पण पहिल्या शर्यतीआधीच ‘याला हे झेपत नाही’ असा शिक्का बसला, आणि नंतरची प्रत्येक सुमार शर्यत त्या शिक्क्याची साक्ष म्हणून वाचली गेली. ऑगस्टमध्ये त्याला दुय्यम संघात धाडण्यात आले. दोन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, बहारीनच्या चाचणीत हॅमिल्टनची गाडी गिरकी घेऊन वाळूत रुतली. तेव्हा निष्कर्ष निघाला की मर्सिडीजची गाडी मागून अस्थिर आहे. तो निष्कर्ष बरोबरही असेल. प्रश्न इतकाच की नामवंत घसरला तर दोष गाडीचा आणि नवखा घसरला तर दोष चालकाचा, हे कोणत्या मोजमापाने ठरले? रेड बुलची ती दुसरी गाडी पुढे अल्बनला झेपली नाही, पेरेझलाही अखेर झेपली नाही आणि २०२५ मध्ये लियम लॉसनला तर दोन शर्यतींनंतर उतरवण्यात आले. इतके सगळे चालक एकाच खुर्चीत एकामागून एक वेडगळ होत असतील तर खुर्चीकडे पाहण्याची वेळ येते. गासलीने नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्राझीलला दुसरा आणि सप्टेंबर २०२० मध्ये मोंझाला पहिला क्रमांक मिळवला, दुय्यम संघाच्या गाडीतून.

कोणी म्हणेल, वाचकाला मार्चपर्यंत धीर नसतो, त्याला काहीतरी हवे असते. द्या की! कोणाची गाडी किती फेऱ्या टिकली, कोणाचे काय मोडले, लांब धावेत टायर कसे गेले, नव्या गाडीचा तळ कसा घडवला आहे, हे सारे लिहिण्यासारखे आहे आणि वाचकाला त्यात रस असतो. उतरंड लावल्याशिवाय राहवतच नसेल तर माझी एक मागणी आहे. पुढच्या हंगामाआधी जो कोणी संघांची व चालकांची क्रमवारी छापेल त्याने शेजारच्या स्तंभात स्वतःचीच गेल्या वर्षीची क्रमवारी छापावी, आणि तिसऱ्या स्तंभात त्या वर्षाचा खरा निकाल. वाचकाने तिन्ही स्तंभ एकत्र पाहिल्यावर पहिला स्तंभ छापायचा की नाही, हे लेखकाने मग खुशाल ठरवावे.