ई-मेलचे दप्तर कोणी लावायचे?

निवृत्त होऊन वर्ष उलटले तरी निवृत्तिवेतन सुरू झालेले नाही असे शिक्षक कोणत्याही जिल्ह्यात भेटतात. अशाच एका मुख्याध्यापकांची हकिकत नुकतीच आमच्या कानी आली. वेतननिश्चितीसंबंधी त्यांच्याकडून जो खुलासा मागविण्यात आला होता, तो त्यांनी मुदतीत ई-मेलने पाठविला होता आणि संबंधित कार्यालयास तो पोहोचलाही होता. पुढे तेथील लिपिकाची बदली झाली. नव्याने आलेल्या लिपिकाने कार्यालयाच्या खात्यातील हजारो पत्रांत ‘पेन्शन’ हा शब्द टाकून शोध घेतला. पत्रात शब्द होता ‘निवृत्तिवेतन’; आणि खुलासा तर जोडपत्रात, स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात होता. संगणकाने काही आढळत नसल्याचे सांगितले, लिपिकाने तेच मुख्याध्यापकांना कळविले, आणि प्रकरण आणखी चार महिने मागे गेले. लिपिक कामचुकार नव्हता, संगणकही बिघडलेला नव्हता, आणि पत्र तर त्याच खात्यात सुखरूप पडून होते.

ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सरकारी पत्रव्यवहार गेल्या दोन दशकांत कागदावरून ई-मेलवर आला. पण कागदाबरोबर दप्तर लावण्याची जी शिस्त होती, ती मात्र आली नाही. टपाल आणून देणारा पोस्टमन आपण बदलला आणि बारनिशी सांभाळणाऱ्या कारकुनाला घरी पाठविले, असे या व्यवहाराचे वर्णन करावे लागेल.

महाराष्ट्रातील कचेऱ्यांना दप्तर लावणे ही काही नवी विद्या नाही. आवक नोंदवहीत पत्राला क्रमांक पडतो, कार्यविवरण नोंदवहीत त्याचा प्रवास लिहिला जातो, आणि टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावले जातात: ज्यांवर कार्यवाही व्हायची आहे ते प्रलंबित, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारे प्रतीक्षाधीन, ठरावीक काळाने पाठवावयाची नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारी निकाली प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. शिवाय निकाली प्रकरणांना वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे जपावयाचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘ड’ वर्गाचे वर्षभर. ही पद्धत सर्वत्र निष्ठेने पाळली जाते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु कोणता कागद कोठे असला पाहिजे, याचे उत्तर तरी तिच्यात आहे. कार्यालयाच्या ई-मेल खात्यात ते नाही. तेथे सर्व पत्रे आल्या क्रमाने एकाच ढिगात पडतात, आणि जागा भरली की कोणीतरी सर्वांत जुनी पत्रे सरसकट पुसून टाकतो. त्यांत ‘अ’ वर्गाचे पत्र किती आणि ‘ड’ वर्गाचे किती, हे कोणी पाहिलेले नसते.

गोंदिया जिल्ह्याला तर दप्तराची किंमत निराळी सांगण्याचे कारण नाही. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे विभाजन नकाशावर एका रेषेने होते. कागदपत्रांचे विभाजन इतके सोपे नसते. अर्धी नोकरी एका जिल्ह्यात आणि उरलेली दुसऱ्या जिल्ह्यात नोंदली गेलेल्या माणसाला आपल्या सेवेचा सलग पुरावा जुळविण्यासाठी दोन दप्तरांचा मेळ घालावा लागतो. संगणकाच्या भाषेत ज्याला सिंक्रोनायझेशन म्हणतात ते याहून फारसे वेगळे नाही.

ई-मेल साठविणाऱ्या आणि शोधणाऱ्या यंत्रणेची रचना करणाऱ्यांनी जगभर हाच विचार केलेला आहे. प्रारंभी पत्र सर्व्हरवरून एका संगणकावर उतरवून घ्यावयाचे, असा प्रघात होता. तो संगणक बिघडला की पत्रव्यवहार संपला. हा अनुभव आपल्याकडील अनेक कचेऱ्यांनीही घेतलेला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ ही पद्धती रचली. तिच्यात पत्र सर्व्हरवरच राहते आणि वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे आहे अशा खुणा पत्राबरोबर तेथेच राहतात. त्यामुळे कोणत्याही टेबलावरून पाहिले तरी स्थिती एकच दिसते. १९९० च्या दशकात डॅनिएल बर्नस्टाईन यांनी ‘मेलडिर’ नावाची साधी युक्ती काढली: प्रत्येक पत्राची एक स्वतंत्र फाइल. तोवर सारी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत जोडत जाण्याची रीत होती, आणि लिहिताना मध्येच वीज गेली तर सगळ्या फाइलीलाच धोका पोहोचे. २००४ मध्ये आलेल्या जीमेलने कप्प्यांऐवजी चिठ्ठ्या लावण्याची सवय सामान्य माणसाला लावली. आणि २००९ मध्ये कार्ल वर्थ यांनी ‘नॉटमच’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली, जी पत्र आणतही नाही आणि पाठवीतही नाही. ती फक्त सूची करते, चिठ्ठ्या लावते आणि शोधून देते. नावातच विनय आहे. पण आमच्या मुख्याध्यापकांच्या प्रकरणात नेमके एवढेच हवे होते.

सूची म्हणजे काय, हे शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तीत शब्दापुढे पृष्ठांक असतात. पत्रांच्या सूचीत शब्दापुढे पत्रांचे क्रमांक असतात. चिठ्ठीचा लाभ असा की कागद एकाच गठ्ठ्यात राहू शकतो, पण एकाच ई-मेलवर ‘प्रतीक्षाधीन’, ‘वेतननिश्चिती’ आणि ‘ब वर्ग’ अशा तीन चिठ्ठ्या एकाच वेळी लागू शकतात. मात्र येथे रचनाकाराने एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सूची नष्ट झाली तर मूळ पत्रे वाचून संगणक ती पुन्हा तयार करू शकतो. चिठ्ठी हा माणसाने घेतलेला निर्णय असतो. अमुक प्रकरण निकाली निघाले, हे पत्राच्या मजकुरात कोठेही लिहिलेले नसते. ते त्या लिपिकाच्या चिठ्ठीत असते. नॉटमचमध्ये चिठ्ठ्या सूचीच्याच कोठारात राहतात, म्हणून त्यांची वेगळी प्रत काढून ठेवण्याची सोय तिच्या कर्त्यांना द्यावी लागली. टिपणीवरच्या शेऱ्याला कार्यालयात जे स्थान असते, तेच चिठ्ठीला दिले पाहिजे: ती कोणी लावली, कोणत्या तारखेस लावली, आणि कोणी काढली.

मेळ घालण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जंगलपट्टीत जोडणी कोणत्या दिवशी मिळेल आणि कोणत्या दिवशी नाही, हे गृहीत धरून चालता येत नाही. म्हणजे पत्रांची प्रत स्थानिक संगणकावर असली पाहिजे, त्यावर काम करता आले पाहिजे, आणि जोडणी येताच दोन्हीकडचा मेळ बसला पाहिजे. आता समजा, एक पत्र येथे आहे आणि तेथे नाही. ते येथे नव्याने आले, की तेथून कोणी पुसले? केवळ आजच्या दोन स्थिती ताडून याचे उत्तर मिळत नाही. मागील मेळाच्या वेळी काय होते याची तिसरी नोंद लागते. रोकडवहीत आरंभीची शिल्लक मांडल्याशिवाय ताळा बसत नाही, तसेच हे आहे. आणि एका लिपिकाने पत्र निकाली ठरविले, त्याच वेळी दुसऱ्याने ते प्रतीक्षाधीन केले, तर? अनेक यंत्रणा शेवटी आलेला बदल निमूटपणे खरा मानतात. खाजगी पत्रव्यवहारात ते खपून जाईल. ज्या पत्रावर कोणाचे वेतन अवलंबून आहे, तेथे संगणकाने दोन्ही शेरे समोर ठेवून माणसाला विचारले पाहिजे.

पण हे सर्व जमले तरी मराठी पत्र सापडेलच असे नाही, आणि या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. इंग्रजीत शब्दाला फार तर एखादे अक्षर जोडले जाते. मराठीत ‘दाखला’ हा शब्द ‘दाखल्याचा’, ‘दाखले’, ‘दाखल्यांसाठी’ अशी रूपे घेतो. ‘शाळा’ ही ‘शाळेत’ जाताना आपला शेवटचा स्वरच बदलते. सामान्यरूप न जाणणाऱ्या यंत्राला हे सगळे निरनिराळे शब्द वाटतात. त्यात लेखनाचे भेद: ‘निवृत्तिवेतन’ शुद्ध, ‘निवृत्तीवेतन’ रूढ, आणि बोलण्यात पेन्शन. गावांच्या नावांचीही हीच गत. इंग्रजीत गोंदियाची दोन स्पेलिंगे सर्रास चालतात, आणि अर्जुनी मोरगाव हे कोणी मोरगाव अर्जुनी असेही लिहितो. शिवाय मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात एकाच खात्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी पत्रे शेजारी शेजारी पडलेली असणार.

याहून मोठा अडथळा जुन्या फाँटांचा आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, कृतिदेवसारख्या फाँटांत पत्रे टंकलिखित होत असत. पडद्यावर ‘कर’ हा शब्द दिसतो. संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी ‘डी’ आणि ‘जे’ ही दोनच अक्षरे असतात. फाँट हा केवळ मुखवटा असतो. त्या पत्रात ‘कर’ शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. अशी जोडपत्रे आधी ओळखून, युनिकोडमध्ये त्यांची प्रत करून, मगच सूचीत घेतली पाहिजेत. स्कॅन केलेल्या चित्रांतील अक्षरेही यंत्राकडून वाचवून घेतली पाहिजेत. मूळ पत्र मात्र जसेच्या तसे राहिले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ७ ची अपेक्षाही हीच आहे: इलेक्ट्रॉनिक अभिलेख ज्या रूपात आला त्या रूपात, वा मजकूर तंतोतंत दाखविता येईल अशा रूपात, टिकला पाहिजे, पुढे वापरता आला पाहिजे, आणि तो कोठून, कोणाकडे, केव्हा गेला हे त्यावरून कळले पाहिजे.

पेशवे दफ्तराची आठवण येथे होते. पुण्यातील त्या रुमालांत मोडीतले कागद शतकाहून अधिक काळ सुरक्षित होते. तरी गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले, तेव्हा कोठे ते सामान्य अभ्यासकाच्या हाती आले. तोवर ते असून नसल्यासारखेच होते. सरदेसायांसारखा माणूस दर तालुक्याच्या टपालपेटीला मिळणार नाही, म्हणूनच ते काम रचनेतच करून ठेवावे लागते.

यावर काही जण म्हणतील, की ई-ऑफिस आले आहे, आता वेगळ्या विचाराची गरज काय? ई-ऑफिसमध्ये नस्ती फिरते हे खरे. पण शाळेचा मुख्याध्यापक, ग्रामपंचायत, पालक आणि अर्जदार अजूनही ई-मेलच पाठवितात, आणि तो नस्तीत येईपर्यंतचा प्रवास कोणत्याच वहीत नसतो. कायदा तर स्पष्ट आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येतच ई-मेलचा उल्लेख आहे, आणि कलम ४ प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध करून ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ‘आढळून येत नाही’ हे उत्तर ई-मेलच्या बाबतीत देताना कोणत्या सूचीत पाहून आढळले नाही, असा प्रश्न अर्जदाराने विचारल्यास जन माहिती अधिकाऱ्याने काय सांगावे?

खर्चाचा आक्षेपही टिकणारा नाही. वर सांगितलेल्या प्रणालींपैकी काही मुक्त आहेत. त्यांचा आधार घेऊन मराठीच्या सामान्यरूपांचा आणि लेखनभेदांचा कोश जोडणे हे विदर्भातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न पेलणारे काम नव्हे. दरवर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जे प्रकल्प करून गुण मिळवून विसरले जातात, त्यांपैकी चार प्रकल्प इकडे वळविता येतील. अट एवढीच, की चिठ्ठ्यांची नावे विद्यार्थ्यांनी किंवा पुरवठादाराने ठरवू नयेत. सहा गठ्ठे लावून ज्याच्या बोटांना सवय झाली आहे, त्या वरिष्ठ लिपिकाला शेजारी बसवून ती ठरवावीत. आणि या चिठ्ठ्या खुल्या स्वरूपात, पत्रांबरोबर दुसरीकडे नेता येतील अशा असाव्यात. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल सेवा झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो निर्णय योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही. यंत्रणा आज बदलली तशी उद्याही बदलेल. त्या वेळी नुसती पत्रे नव्या घरी गेली आणि शेरे जुन्या घरी राहिले, असे होता कामा नये.

तोवर त्या मुख्याध्यापकांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. खुलाशाच्या दोन छापील प्रती घेऊन ते स्वतः कार्यालयात गेले, एक आवक टेबलावर दिली, दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का उमटवून घेतला, आणि दुपारच्या बसने गावी परतले.