तापाला नाव हवे



भादव्यात शेतकरी कचेरीत येऊन म्हणतात, "साहेब, भाताला करपा लागलाय, औषध सांगा." मी आधी पान आणायला सांगतो. पानावर होडीसारखे, मध्ये राखाडी ठिपके असतील तर तो बुरशीचा करपा. पानाची कड टोकाकडून पिवळी पडून वाळत खाली आली असेल तर तो जिवाणूंचा कडाकरपा. बुरशीचे औषध कडाकरप्यावर मारले, तर पैसा जातो आणि रोग राहतो. दोन रोगांना एकच नाव दिल्याची ही किंमत.

माणसाच्या आजाराचेही असेच आहे. आपल्या रत्नागिरीत लावणीनंतर "ताप आलाय" एवढेच सांगितले जाते. पण तो हिवताप असेल, डेंग्यू असेल, नाही तर लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आपल्या तोंडचा 'लेप्टो'. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून याचे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून अंगात शिरतात. आजार वाढला की काही जणांचे डोळे पिवळे होतात. मग घरचे "कावीळ झाली" म्हणून झाडपाल्याच्या औषधामागे लागतात. सुरुवातीला प्रतिजैविकाने आवरणारा आजार तेवढ्यात मूत्रपिंडापर्यंत पोचतो. चुकीच्या नावाने माणूस जाऊ शकतो.

आता गावाचा विचार करा. एका वाडीत 'ताप', दुसरीत 'कावीळ', तिसरीत 'लेप्टो' अशी नोंद झाली, तर साथ एकच असूनही कागदावर दिसत नाही. यासाठी २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात तीन पायऱ्या ठरल्या: आरोग्यसेविकेने लक्षणांवरून नोंदवलेला संशयित रुग्ण, डॉक्टरांनी तपासून ठरवलेला संभाव्य रुग्ण आणि प्रयोगशाळेने खात्री केलेला रुग्ण. उभ्या पिकाचा नजरअंदाज वेगळा आणि खळ्यावरचे माप वेगळे, तसेच हे. तिन्हींची बेरीज एकत्र केली तर हिशेब चुकणारच.

पूर्वी हे तक्ते आठवड्याने कागदावर जात. २०२१ पासून देशभर संगणकावरील नव्या पद्धतीत रुग्णागणिक नोंद होऊ लागली. माणसाला 'लेप्टो' आणि 'लेप्टोस्पायरोसिस' एकच हे कळते. यंत्राला ते आधी शिकवावे लागते. म्हणून ठरलेल्या यादीतलेच नाव हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीच्या दहाव्या आवृत्तीत या आजाराचा क्रमांक ए-२७ आहे. भाषा कोणतीही असो, क्रमांक तोच.

यादी सरकारने करायची, पण तिच्यात भरायची माहिती आपल्या तोंडून जाते. म्हणून दवाखान्यात किंवा आशाताईंना एवढे न विसरता सांगा:

ताप कोणत्या दिवशी आला. त्याआधी चिखलात काम केले होते का. पायाला जखम आहे का. पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल किंवा पिवळे आहेत का, लघवी कमी होते का. गावाबरोबर वाडीचे नावही सांगा. आजाराचे नाव मात्र आपण ठेवू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

भाताचे पान दाखवायला तुम्ही चार कोस चालत येता. घरच्या माणसाच्या तापासाठी पहिल्याच दिवशी निघा.