धूम्रपान आणि घरचा जमाखर्च

विडी-सिगारेट सोडावी असें सांगणारीं पुस्तकें, व्याख्यानें आणि वैद्यांचे उपदेश यांचा तुटवडा आपल्या समाजांत कधींच नव्हता. तरी ज्या मनुष्यानें तें सारें ऐकून न ऐकल्यासारखें केलें, तोच मनुष्य दुकानदारानें एके सकाळीं नवा भाव सांगतांच विचारांत पडतो, हें मोठें मौजेचें आहे. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटीवर शेंकडा ४० वस्तु व सेवा कर बसला, आणि शिवाय तिच्या लांबीप्रमाणें हजारीं २,०५० पासून ८,५०० रुपयांपर्यंत उत्पादन शुल्क आलें. तेव्हांपासून आमच्या कौंडण्यपुरासारख्या वर्धेकांठच्या लहानशा गांवींहि 'आतां सोडूनच द्यावी म्हणतों' हें वाक्य पारावर ऐकूं येऊं लागलें आहे.

पुष्कळांना अशा सोडण्याचें कौतुक वाटत नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी तिवसा येथें कचेरींत नोकरीस आहे. वय बेचाळीस, घर एकत्र, पंक्तीला नऊ पानें. दिवसास पांच सिगारेटी हा त्याचा वीस वर्षांचा नेम. भाव चढले त्या आठवड्यांत त्यानें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष सिगारेट सोडल्याचें जाहीर केलें. त्याचे काका नित्य गीतापाठ करणारे. ते म्हणाले, "हा कांहीं खरा त्याग नव्हे. खिशाला चटका बसला म्हणून सुटलेली वस्तु खिसा भरला कीं परत यायची. भगवंतांनीं यालाच राजस म्हटलें आहे." बिचारा खालीं मान घालून जेवला. दुसऱ्या दिवशीं तो मजकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, सोडायला सुद्धां अधिकार लागतो काय?"

काकांविषयीं मला आदर आहे, पण त्यांचा अर्थ बरोबर नाहीं. अठराव्या अध्यायांत त्यागाचे जे सात्त्विक, राजस, तामस असे भेद केले आहेत ते नियत कर्माच्या त्यागाविषयीं आहेत. यज्ञ, दान, तप यांसारखें कर्तव्य देहाला क्लेश होतील या भीतीनें जो टाकतो, त्याचा त्याग राजस. सिगारेट ओढणें हें कोणाचेंहि नियत कर्म नाहीं. तेव्हां तिच्या त्यागाला ही मोजपट्टी लावतांच येत नाहीं. चिखलांतून पाय काढणारानें तो जोडा खराब होईल म्हणून काढला कीं वैराग्यानें काढला, याची चौकशी कोण करतो?

याच्या उलट धूम्रपानाला चरकाचा आधार दाखविणारे विद्वानहि मला भेटले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, धूमपान सांगितलें आहे हें खरें. परंतु तें औषधी द्रव्यांच्या वर्तीचें, आणि तेंहि नेमलेल्या वेळीं. तंबाखू त्या काळीं या देशांत नव्हतीच. ती अमेरिकेंतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. अकबराच्या दरबारांत ती नेली असदबेगानें, आणि तीहि आमच्या दक्षिणेंतून, विजापुराहून. पुढें थोड्याच वर्षांत, १६१७ सालीं, जहांगिरानें तिला बंदी केली. त्या बंदीचें काय झालें तें आज प्रत्येक टपरीवर दिसतें.

किंमत वाढवून सोडविण्याची युक्तीहि तितकीच जुनी आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालीं तंबाखूविरुद्ध स्वहस्तें निबंध लिहिला, आणि त्याच वर्षीं तिच्यावरील आयातकर पौंडास दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर, म्हणजे चाळीसपटीच्या वर, नेला. नुसत्या शब्दांवर भागणार नाहीं, हें राजालाहि कळलें होतें. आपल्याकडे तंबाखूवर मध्यवर्ती उत्पादन कर १९४३ सालीं, युद्धाच्या खर्चाच्या दिवसांत, आला. (सरकारला सुद्धां या उत्पन्नाची चटक लागते, ती गोष्ट निराळी.) किंमत शेंकडा दहा वाढली तर आपल्यासारख्या देशांत खप सुमारें शेंकडा पांच घटतो, आणि तरुण व गरीब यांच्यांत तो अधिक घटतो, असें अर्थशास्त्रज्ञांचें अनेक देशांवरून काढलेलें अनुमान आहे. म्हणजे माझा विद्यार्थी एकटा नाहीं.

त्याच्या पत्नीनें त्या रात्रीच्या वादांत एक शब्दहि काढला नव्हता. तिनें दुसऱ्या दिवशीं हिशेबाची वही काढली. पांच सिगारेटी, वीस रुपयांस एक असें धरलें तर दिवसाचे १०० रुपये, वर्षाचे ३६,५००. हा आंकडा वाचून शहरच्या वाचकाला कदाचित् कांहीं वाटणार नाहीं. पण वऱ्हाडांत आम्ही पैसा कापसानें मोजतों. २०२५-२६ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी आधारभाव क्विंटलास ८,११० रुपये होता. त्या भावानें ३६,५०० रुपये म्हणजे साडेचार क्विंटल कापूस. कोरडवाहू जमिनींत एकरभर कपाशीनें एवढें दिलें तर आमच्याकडचा शेतकरी त्या वर्षाला वाईट म्हणत नाहीं. आणि त्यांतून बियाणें, खत, फवारणी व वेचणी वजा जावयाची असते. एक संबंध एकर हा गृहस्थ दरसाल कचेरीच्या मागच्या भिंतीपाशीं उभा राहून जाळीत होता. "हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं, पण बेरीज कोणी मांडली नव्हती," असें ती बाई म्हणाली. सुटी एकेक सिगारेट घेणाराला बेरीज कधींच दिसत नाहीं. आपल्या राज्यांत सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीला सप्टेंबर २०२० मध्यें बंदी झाली, ती टपरीवाल्याच्या स्मरणांत फारशी राहिलेली नाहीं.

येथवर मीं महागाईची बाजू घेतली. पण हा गुरु दगा देणारा आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. पैसा नसला म्हणजे इच्छा मरत नाहीं. ती वाट शोधते. गांधीजींनीं आत्मकथेंत लिहिलें आहे कीं लहानपणीं काकांनीं टाकलेलीं थोटकें पुरेनात, म्हणून नोकराच्या खिशांतले पैसे चोरून विड्या आणण्यापर्यंत मजल गेली. मोठीं माणसें चोरी करीत नाहींत. तीं स्वस्त पर्याय शोधतात. कोणी सिगारेटीवरून विडीवर येतो, कारण विडीवर कर शेंकडा अठराच आहे. कोणी संख्या अर्धी करतो, आणि नकळत प्रत्येक झुरका दुप्पट खोल घेतो. शरीर आपला वांटा वसूल करून घेतें.

आणि विदर्भांत तिसरी वाट आहे ती खऱ्याची. तीन आठवडे लोटले असतील. विद्यार्थ्याच्या आईनें सदरा धुवावयास घेतला, तों खिशांत एक चुरगळलेली पन्नी निघाली. सुपारीचे तुकडे आणि तंबाखूचा वास. त्या माउलीनें ती पन्नी कोणाला न दाखवितां मजकडे आणून दिली. शेजारीं आमचा गडी उभा होता, तो सहज म्हणाला, "सिगरेट महाग झाली त झाली, खर्रा त हाये ना!" त्याच्या बोलण्यांत कुचेष्टा नव्हती. वस्तुस्थिति तशीच आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूर ओढणारे शेंकडा ३.८ निघाले, आणि तंबाखू चघळणारे वा दातांना लावणारे शेंकडा २४.४. गुटख्याला राज्यांत जुलै २०१२ पासून बंदी आहे; पण सुपारी, चुना, तंबाखू हातानें घोटून देणाऱ्याला कारखाना लागत नाहीं. यांतली नुसती सुपारीहि कर्करोगकारक आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निर्णय २००४ सालींच प्रसिद्ध झालेला आहे. खर्रा खाणाराचें तोंड हळूहळू उघडेनासें होतें, पुढें घास सुद्धां नीट जात नाहीं. असे रुग्ण वऱ्हाडांतल्या कोणत्याहि दंतवैद्याला विचारा.

मीं त्याला बोलावून रागें भरलों नाहीं. शाळेंत छडी वापरून पाहिलेल्या माणसाला छडीची मर्यादा कळलेली असते. मीं त्याला एवढेंच समजाविलें कीं त्याची झुंज धुराशीं नसून निकोटीनशीं आहे. तें ओढल्यापासून कांहीं सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें, आणि सुमारें दोन तासांत रक्तांतलें निम्में ओसरतें; म्हणून दर थोड्या वेळानें हांक येते. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचीड, झोंप नसणें, भूक वाढणें हीं लक्षणें तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरतात. एकेक उबळ कांहीं मिनिटांचीच असते. खऱ्यानें ती भागविली तर पहिला आठवडा कधीं संपतच नाहीं, तो रोज नव्यानें सुरू होतो.

काकांकडेहि मी गेलों होतों. तेथें मला एक कटु गोष्ट बोलावी लागली. ज्या घरांत वडील माणसें देवघरांतून उठतांच तपकिरीची डबी काढतात, त्या घरांत पुतण्याच्या त्यागाची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाचा? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमचें वय झालें, आतां काय उरलें आहे?" हेंहि खरें नाहीं. इंग्लंडांतील डॉक्टरांच्याच सिगारेटीच्या संवयीची पाहणी १९५१ सालीं डॉल व हिल यांनीं सुरू केली. ती पन्नास वर्षें चालली. तिचा २००४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं तिसाव्या वर्षीं सिगारेट सोडणाराला सुमारें दहा वर्षें, चाळिसाव्या वर्षीं नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा आणि साठाव्या वर्षीं सोडणारालाहि तीन वर्षें आयुष्याचीं परत मिळतात. ती पाहणी सिगारेटीची होती, तपकिरीची नव्हे, हें मीं काकांना प्रामाणिकपणें सांगितलें. डबी त्या दिवशीं तरी कोनाड्यांतच राहिली.

घरच्या बायकांस या काळांत फार सोसावें लागतें. मनुष्य चिडतो तो कचेरींत नव्हे, घरीं. आणि मीठ कमी पडल्याचें निमित्त त्याला पुरतें. त्या घरीं सासू-सुनांनीं आपसांत ठरवून महिनाभर त्याच्या बोलण्याला उत्तर द्यावयाचें नाहीं असें केलें. वहींत रोजचे शंभर रुपये स्वतंत्र खात्यावर लिहावयाचे, आणि ते खरोखरच डब्यांत टाकावयाचे. नुसते लिहून चालत नाहीं, कारण न दिसणारा पैसा दुसऱ्या खर्चांत मुरून जातो. डब्याची किल्ली मुलीकडे. तिला पुढल्या वर्षीं अमरावतीस शिकावयास पाठवावयाचें आहे.

सरकारनें चालविलेला एक मोफत दूरध्वनि आहे, १८००-११-२३५६. तेथें व्यसन सोडणाराला सल्ला मिळतो. खर्रा सोडणारालाहि मिळतो. हा क्रमांक मीं विद्यार्थ्याला लिहून दिला, तेव्हां त्यानें कागदाकडे पाहिलें आणि तो हंसला. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापलेला येतो. रोज हातांत धरून त्यानें तो एकदांहि वाचला नव्हता.