लसूण, औषध आणि शासनाची जबाबदारी

यंत्रमागावर राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या सोलापूरकरांच्या भाकरीला लसूण घातलेल्या शेंगाचटणीची सोबत असते. त्यामुळे ‘कांदा-लसूण ही गरिबांची प्रतिजैविकेच होत’ हे वारंवार कानी पडणारे वचन गोड वाटते. तथापि ते तपासून घेणे अगत्याचे आहे.

त्यातील शास्त्राचा अंश खरा आहे. लसणीच्या अखंड पाकळीत ॲलिइन हे द्रव्य आणि ॲलिइनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचताच त्यांचा संयोग होऊन उग्र वासाचे ॲलिसिन तयार होते. कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकन संशोधकांनी १९४४ साली ते वेगळे काढले आणि त्याचा जीवाणूरोधक गुण दाखवून दिला. परंतु हे द्रव्य अस्थिर आहे. शिजवताना ते विकरच निकामी होते. पोटात गेलेले ॲलिसिनही रक्तात टिकत नाही. कांद्यात तर ॲलिसिन तयारच होत नाही. प्रयोगशाळेतील बशीत जीवाणू मरतात म्हणून न्यूमोनियाने तापलेले मूल चटणीवर बरे होईल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग गरीब माणूस घरगुती उपायांवर का विसंबतो? ते केवळ अज्ञान नव्हे. त्यामागे बुडणारी मजुरी आणि डॉक्टरची फी यांचा हिशेब असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. खर्च वजा जाता त्याला २ रुपयांचा धनादेश मिळाला. ज्याच्या शेतात हे तथाकथित औषध पिकते, त्याच्याच हाती खऱ्या औषधापुरते पैसे उरत नाहीत!

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला, तेव्हा देशातच पेनिसिलिन निर्माण करणे हे शासनाने आपले काम मानले होते. पुढे हा कारखाना तोट्यात रुतला. दरम्यान जीवाणू औषधांना दाद देईनासे झाले. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ साली अशा संसर्गांमुळे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. नवे प्रतिजैविक थोडे दिवस आणि जपून वापरायचे असते. त्यात नफा कमी, म्हणून बड्या कंपन्यांना त्याच्या संशोधनात रस नाही. हे काम सार्वजनिक पैशानेच व्हावे लागेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून दोन गोष्टी सांगाव्यात. लसूण आवडीने खावी, पण ताप हटत नसेल तर दवाखाना गाठावा. आणि त्या दवाखान्यात डॉक्टर, तपासणी व औषध मोफत मिळावे, यासाठी संघटित व्हावे. घरगुती उपचारांचे गोडवे गाऊन शासनाला या जबाबदारीतून मोकळे होता येणार नाही.