फोन वाजला पाहिजे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं. दिवाळीत तो जर्मनीहून आला तो माझ्यासाठी पाईनफोन घेऊनच, आणि तेव्हापासून दर रविवारी त्याचा एकच प्रश्न, "मामा, शेवटी कुठली ओएस टाकलीस?" (ताई, हे वाचत असशील तर त्याला सांग, मामा विचार करतोय, झोपा काढत नाहीये.)

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाईनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन. २०२० च्या जानेवारीत तो पहिल्या हौशी लोकांच्या हातात पडला. त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची ते आपण ठरवायचं. पोस्टमार्केटओएस आहे, मोबियन आहे, उबुंटू टच आहे, अजूनही बऱ्याच आहेत. थाळीत दहा वाट्या आल्यावर माणूस कुठून सुरुवात करायची यातच अडकतो, तसं माझं झालं.

त्यात मी या वाटेवर एकदा तोंडघशी पडलेलो आहे.

२००८ साली ओपनमोकोचा निओ फ्रीरनर आला होता. खुल्या फोनांचा आजोबाच म्हणा ना! ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, थ्रीजी नाही, कॅमेरा नाही. मी पुढच्या वर्षी एकाकडून जुना घेतला. कॅमेरा नसल्याचं मला कौतुकच होतं, कारण चाकणला आमच्या गेटवर कॅमेऱ्याचे फोन जमा करून घेत आणि मी मात्र ऐटीत फोनसकट आत जाई. दर शनिवारी नवी सिस्टीम टाकायची. ओपनमोकोची स्वतःची, मग क्यूटी एक्स्टेंडेड, मग डेबियन, मग एसएचआर. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

मग ती रात्र आली. मी तिसऱ्या पाळीला. निगडीला घरी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईने मला पाच फोन केले. फोन माझ्या खिशात होता, चार्ज केलेला होता, पण झोपेतून उठलाच नाही. शेजारच्या काकांनी बाबांना रिक्षात घालून नेलं. मला कळलं सकाळी सात वाजता, पाळी सुटल्यावर. बाबा वाचले, आजही सकाळी फिरायला जातात. आई मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. त्या आठवड्यात कुठली सिस्टीम होती ते सांगत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. 'अजून कच्ची आहे, भरवशावर राहू नका' असं तिच्यासोबत लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं.

म्हणून यावेळी माझी कसोटी अगदी गावठी आहे. दिसायला कशी, अॅप किती, हे सगळं नंतर. झोपलेला फोन उठतो का?

हे वाटतं तितकं सोपं नसतं. बॅटरी वाचवायला मुख्य प्रोसेसर झोपतो आणि मॉडेम तेवढं जागं राहतं. म्हणजे रात्रपाळीत वॉचमन जागा आणि सुपरवायझर पेंगतोय, असला प्रकार. कॉल आला की मॉडेमने प्रोसेसरला हलवायचं, त्याने उठून आवाजाची जोडणी करायची, मग रिंग. यात दोन-चार सेकंद जातात. एखादा दुवा निसटला की समोरच्याला रिंग ऐकू येते आणि आपल्याकडे शांतता. शिवाय जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, तिथे व्होल्टी नीट चाललं तरच बोलणं होणार. म्हणजे सिमसुद्धा विचार करून घाला.

पाईनफोनची एक सोय मला फार आवडली. मेमरी कार्डावर सिस्टीम असली तर तो आधी तिथूनच सुरू होतो. आतलं काही पुसायला नको. मी तीन कार्डं केली आणि प्रत्येकाला एकेक आठवडा दिला. रोज रात्री फोन तासभर पडू द्यायचा आणि मग सौ.च्या फोनवरून कॉल करायचा. शिवाय 'दुसऱ्या' आणि 'कऱ्हाड' हे दोन शब्द लिहून बघायचे. फ्रीरनरवर माझी ऱ्हस्व वेलांटी कायम अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची, त्याचा हा सूड. :)

दोन कार्डं डब्यात गेली. नावं देत नाही, सहा महिन्यांनी चित्र वेगळंही असेल. राहिलं मोबियन. ते डेबियनच, आणि डेबियन मी वर्कशॉपच्या पीसीवर कित्येक वर्षं वापरतोय. बिघडलं तर कुठे हात घालायचा ते ठाऊक आहे. भाच्याला ते कंटाळवाणं वाटतं. असू दे! मला शनिवारी रात्री नवं काही बघण्याची हौस उरलेली नाही.

आमचा एक मित्र म्हणतो, "अँड्रॉइड ओपनच आहे की, कशाला हा उपद्व्याप?" अँड्रॉइडचा गाभा खुला आहे हे खरं. पण दुकानातून आणलेल्या फोनवर गुगलचा जो थर असतो तो खुला नाही, आणि बँकांची अॅप त्याच थराला विचारून चालतात. म्हणूनच मोबियनवर वडापावचे पैसे यूपीआयने द्यायची सरळ सोय नाही. २०२२ साली आलेली यूपीआय १२३पे साध्या फोनवरून कॉल करून चालते, पण गाडीवर मागे रांग लागलेली असताना ते करून बघा एकदा! मी जुना अँड्रॉइड दुसऱ्या खिशात ठेवतो. तडजोड आहे, कबूल.

गेटवर मात्र आता माझी ऐट नाही. पाईनफोनला कॅमेरे आहेत. मागचं झाकण काढलं की सहा बारीक स्विच दिसतात, त्यातल्या दोनांनी दोन्ही कॅमेरे विजेनेच बंद होतात. मी हे सिक्युरिटीच्या काकांना उघडून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवला. "साहेब, खरं आहे तुमचं, पण रजिस्टरात स्टिकरचा नंबर लिहावा लागतो."

असो. आईला सांगून ठेवलंय, मी पाळीवर असलो की रात्री साडेदहाला एक फोन करायचा. काल तिसऱ्या रिंगला उचलला.

"वाजला का रे?"

"वाजला म्हणून तर बोलतोय ना, आई."

मग पाऊण तास भाच्याच्या लग्नाचा विषय. बॅटरी बारा टक्क्यांवर आली.