वाटाड्या घ्यावा पारखून

मराठी मध्यमवर्गीय माणूस कुठलीही वस्तू दोनदा विकत घेतो. आधी चर्चेत आणि मग दुकानात. साधा छताचा पंखा घ्यायचा झाला तरी मोटारीची वॉरंटी, पात्यांचा रंग आणि मेहुण्याचं मत या तिन्हींची संमती लागते. तेव्हा डोंगरात वाट दाखवणारं, मुठीत मावणारं जीपीएस यंत्र घ्यायचं म्हटल्यावर काय चर्चासत्रं झडत असतील याची कल्पना यावी. पडदा केवढा? रंग किती? मेमरी किती? फोटो निघतात का? एका गृहस्थांनी तर मला, त्यात कॅल्क्युलेटर आहे का, असंही विचारलं. बऱ्याच यंत्रांत असतो. कड्याच्या टोकावर उभं राहून आपण एकूण कितीला बुडालो हे काढायला तो उपयोगी पडत असावा.

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते मी भांडून सांगणार आहे. हे यंत्र दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडायचं नसतं. ते निवडायचं हरिश्चंद्रगडावर, जुलै महिन्यात, संध्याकाळी सहा वाजता, धुक्यात, ओल्या हातांनी, पोटात भूक आणि शेजारी 'मी मघाशीच सांगत होतो' म्हणणारा एक मित्र अशा थाटात. प्रत्यक्ष तिथं जाऊन नव्हे, मनातल्या मनात. त्या घटकेला जे चालेल ते यंत्र. बाकीचं सगळं रुखवतात मांडायचं सामान.

आता माझ्याविरुद्ध तीन पक्ष उभे आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिला पक्ष इतिहासवाल्यांचा. "मावळ्यांकडे कुठे होतं हो जीपीएस?" हा त्यांचा सवाल. सवाल टाकून ते असे छाती काढून बघतात की क्षणभर आपणच मोगलांच्या बाजूचे आहोत असं वाटू लागतं. कबूल, मावळ्यांकडे जीपीएस नव्हतं. पण मावळे मावळातले होते! त्यांचे बाप-आजे त्याच खिंडींतून गुरं हाकत आले होते. सवाल करणारे बहुधा कोथरूडचे किंवा डोंबिवलीचे. त्यांना स्वतःच्या सोसायटीत बी विंगमधून सी विंगमध्ये जायचं तर वॉचमनला विचारावं लागतं. आणि खुद्द महाराजांनी तर मुलखाची खबर काढायला हेरखातं ठेवलं होतं. म्हणजे माहितीवाचून पुढं घुसण्यात पराक्रम असतो असं महाराजांनाही वाटत नव्हतं. ते फक्त या मंडळींना वाटतं.

दुसरा पक्ष मोबाइलवाल्यांचा. हा संख्येनं मोठा आणि त्याचं बोलणं निम्मं खरं आहे, म्हणूनच तो जास्त धोक्याचा. मोबाइलमध्ये जीपीएस असतं हे खरं. ते रेंज नसतानाही चालतं हेही खरं. उपग्रहाचा संदेश ऐकायला टॉवरची गरज नसते. नकाशा आधी घरी उतरवून घेतला असेल तर रानात तो दिसतोही. पण पाऊस पडायला लागला की मोबाइलच्या काचेला तुमचं बोट कुठलं आणि पावसाचा थेंब कुठला हे समजेनासं होतं. तुम्ही नकाशा मोठा करायला जाता आणि तो तुमच्या साडूला फोन लावतो. रेंज नसल्यामुळे तोही लागत नाही, एवढीच त्यातली सोय. शिवाय घाटात रेंज हुडकता हुडकता बॅटरी निम्म्यावर येते. विमानातला मोड लावून ठेवला तर हे टळतं, पण तो लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, कारण मग फोटो लगोलग धाडता येत नाहीत.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. मोबाइल हा नकाशा, तोच टॉर्च, तोच कॅमेरा आणि अडचणीत सापडल्यावर खालच्या गावाला हाक मारायची सोयही तोच. बँकेत काउंटरवर उभी हयात गेल्यामुळे मला एवढंच कळतं की सगळे चेक एकाच खात्यावर फाडले की शेवटचा नेमका महत्त्वाचा चेक परत येतो. म्हणून मोबाइल जरूर न्यावा, पण बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध. वाटेचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

तिसरा पक्ष 'महाग तेच चांगलं' वाल्यांचा. त्यांच्यासाठी थोडी जन्मकथा सांगतो. १ सप्टेंबर १९८३ रोजी एक कोरियन प्रवासी विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी, आपल्या लष्कराची ही उपग्रहमाला तयार झाली की ती साऱ्या जगाला वापरता येईल, असं जाहीर केलं. हातात धरायचं पहिलं नागरी यंत्र १९८९ साली बाजारात आलं. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटर इकडे-तिकडे व्हायचं. ती भेसळ बंद झाली आणि यंत्र खरोखर उपयोगाचं झालं. या कथेतली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या विमानातलं दिशेचं यंत्र बिघडलं नव्हतं. ते ज्या पद्धतीवर ठेवलं होतं तसंच इमानानं चाललं होतं. ते कुठं चाललंय हे ताडून पाहायचं राहिलं. यंत्र महाग असून भागत नाही. ताडून पाहणारा लागतो. ते विमान काही स्वस्तातलं नव्हतं.

तर पारख कशी करायची? पहिली कसोटी बटणांची. बटणं हवीत, आणि ती अंगठ्याला डोळे मिटून सापडायला हवीत. दुकानदाराला सांगून हात ओला करा आणि दाबून पाहा. तो विचित्र नजरेनं बघेल. बघू दे. धुकं याहून विचित्र नजरेनं बघतं.

दुसरी कसोटी अन्नाची. यंत्र काय खातं? आत कायमची बसवलेली बॅटरी असेल तर ती संपल्यावर ते यंत्र नसून पेपरवेट असतं. आपल्या भिंतीवरच्या घड्याळात घालतात ते एए सेल खाणारं यंत्र असावं. गार्मिन कंपनीचं २०११ सालचं ईट्रेक्स असल्या दोन सेलांवर २५ तास चालतं असा कंपनीचा दावा होता. २०२३ साली त्याच घराण्यातलं एक आलं, त्याचा दावा १६८ तासांचा आहे. दाव्यातून थंडी, पाऊस आणि जाहिरातखातं वजा करा, तरी शनिवार-रविवार निभतो. हे सेल पायथ्याच्या वाडीतल्या, बिस्किटं आणि तंबाखू विकणाऱ्या दुकानातही मिळतात. अगदीच प्रसंग आला तर कुणाच्या तरी घड्याळातून काढून घेता येतील. घड्याळाला एक लागतो आणि यंत्राला दोन, तेव्हा दोन घरांची वेळ थांबवावी लागेल एवढंच.

तिसरी कसोटी परतीची. आलो त्याच वाटेनं माघारी नेण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते, पण ती किती बटणं दाबल्यावर येते ते मोजा. तीनात आली तर घ्या. सात लागत असतील तर भुकेल्या माणसाला ती सापडणार नाही. मात्र निघतानाच वाटेची नोंद सुरू केलेली असावी लागते. चुकल्यावर नोंद सुरू करणारे वीरही मी पाहिले आहेत. यंत्र त्यांना अत्यंत अचूकपणे चुकलेल्या जागी परत आणतं.

जास्तीचे पैसे द्यावेत अशी गोष्ट एकच. अमेरिकेच्या जोडीला रशिया, युरोप आणि चीन यांचेही उपग्रह ऐकणारं यंत्र घ्यावं. जागा काढायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात आणि नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत आकाश धोतराच्या काठाएवढं दिसतं. त्यात कातळावर आपटून आलेले संदेश यंत्राला फसवतात. तिथं जितके साक्षीदार जास्त तितकं बरं.

उलट उंची सांगणाऱ्या वायुभारमापकावर फार भाळू नका. हवेचा दाब उतरला की त्याला वाटतं आपण चढलो. पावसाळी रात्री तुम्ही गुहेत घोरत पडलेले असता आणि सकाळी उठून बघावं तो गड वीस मीटर वाढलेला असतो. साध्या यंत्रात होकायंत्रही नसतं. अशा यंत्राचा बाण चालताना दिशा दाखवतो आणि थांबलात की आपल्यासारखाच भांबावतो. त्यासाठी गळ्यात एक साधं सुईचं होकायंत्र असावं. त्याला सेल लागत नाही आणि मेहुण्याचं मतही लागत नाही.

घरच्यांचा एक गैरसमज मात्र वेळीच दूर केलेला बरा. "जीपीएस घेतलंय ना, म्हणजे तू कुठं आहेस ते आम्हाला कळत राहील," असं आई म्हणते. मुळीच कळत नाही. हे यंत्र वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचं नुसतं ऐकतं, उलट बोलत नाही. संसारी पुरुषाला हा मुद्दा समजावून सांगायला नको. उपग्रहामार्फत निरोप धाडणारी यंत्रं वेगळी असतात आणि परदेशातला भाचा ती मोठ्या प्रेमानं भेट आणतो. त्याला आधी कळवा की आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून ती बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असल्या यंत्रापायी एका परदेशी पाहुणीला अडवण्यात आलं. तुम्ही कुठं आहात हे पोलिसांना कळावं, पण अशा रीतीनं नव्हे. घरी कागदावर वाट, गावाचं नाव आणि परतायची वेळ लिहून ठेवा. हा उपाय कायदेशीर आहे.

आता यंत्र काय करत नाही तेही सांगून टाकतो, कारण माणसं गोत्यात येतात ती इथंच. ते अंतर सांगतं कावळ्याचं. कोकणकड्यावर उभं राहून बेलपाडा विचारलंत तर ते निमूटपणे किलोमीटरचा आकडा सांगतं आणि बाण थेट दरीकडे करतं. मधे हजार फुटांहून जास्त तुटलेला कडा आहे हे त्याच्या गावीही नसतं. दुसरं म्हणजे, वडिलोपार्जित टोपोशीट घेऊन कुणी आकडे जुळवत असेल तर सावध. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टसाहेबांच्या मापावर बेतलेले आणि यंत्र १९८४ च्या जागतिक मापावर चालणारं. ते माप यंत्रात जुळवून घेतलं नाही तर जागा सरकते. शहरात तेवढं सरकणं म्हणजे शेजारची बिल्डिंग. कड्यावर शेजारी बिल्डिंग नसते. आणि पावसाळ्यात कारवी माजते, ढोरवाटा आणि माणसांच्या वाटा एकसारख्या दिसतात. कुणीतरी जानेवारीत चालून नोंदलेली रेघ ऑगस्टात ओढ्याच्या पोटातून जाते. रेघ खरी असते, पाणीही खरं असतं.

ते पाणी कुठवर चढतं हे गावातल्या मामांना माहीत असतं. मामांचं 'हे काय, इथंच' म्हणजे दोन तास, हे गणित एकदा बसलं की त्यांच्याइतका भरवशाचा वाटाड्या नाही. यंत्रापायी हजारो रुपये मोजणारे आपण या मामांशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतो, तेव्हा मला फार राग येतो. कारण दरवर्षी पावसाळ्यात कुणीतरी चुकतं आणि मग रात्री बॅटऱ्या घेऊन कोण निघतं? हेच मामा, त्यांची पोरं आणि नोकऱ्या सांभाळून धावून जाणारे गिर्यारोहक स्वयंसेवक. दिवसभर भातलावणी करून वाकलेली कंबर घेऊन माणूस निसरड्या कातळावर चढतो, का तर कुणा साहेबांनी यंत्र घेताना पडद्याचे रंग मोजले आणि सेल मोजले नाहीत. आपली हौस आपल्या पैशानं करावी. दुसऱ्याच्या जिवावर नको.

तेव्हा यंत्र साधं घ्या आणि घेतल्यावर महिनाभर ते घेऊन घर ते भाजीबाजार अशी मोहीम काढा. मंडईचा बिंदू नोंदवा, परतीची वाट लावा, जोराचा पाऊस येईल त्या दिवशी मुद्दाम निघा. लोक हसतील. कोथिंबिरीची जुडी एका हातात आणि दुसऱ्या हातातल्या यंत्रात चार उपग्रह शोधणारा माणूस पाहून भाजीवालीही दोन मिरच्या जास्त टाकेल, दयेपोटी. टाकू द्या. यंत्राचे पैसे वसूल होण्याची तेवढीच सुरुवात.