पांदणींतील मोटारफेरी व आपला बांध

वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारी सडक दुभंगते. एक हिंगोलीकडे जाते व दुसरी हदगांव, उमरखेडवरून नागपुराकडे. अलीकडे शहरांतील हौशी मंडळी ही सडक सोडून मुद्दाम पांदणीनें जीप हांकूं लागली आहे. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या भाच्यानें आम्हांसही अशी एक फेरी घडविली. वाट सोपी, दोहों बाजूंस बाभळी, हळदीचीं शेतें, आणि समोरून रानांत जाणारीं लाल कंधारी गुरें. असा देखावा सडकेवरून दिसत नाहीं, हें आम्ही आनंदानें कबूल करितों.

मात्र अर्ध्या कोसावर वाट इतकी अरुंद झाली कीं, जीप व गुरें यांस एकमेकांस ओलांडतां येईना. गुराख्यानें गुरें शेजारच्या हरभऱ्यांत घातलीं, आणि शेतधन्याच्या शिव्या त्या बिचाऱ्यानें खाल्ल्या. अपराध मात्र आमचा होता. कारण वाट अरुंद झाली ती आमच्याच बांधापाशीं.

गांवनकाशावर दोन तुटक रेघांनीं दाखविलेली गाडीवाट 16½ ते 21 फूट रुंद धरतात. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां हे नकाशे आम्हीं वर्षानुवर्षें हाताळले. आणि आमचाच बांध दर नांगरटीस वीतभर सरकत होता, तें पाहून न पाहिल्यासारखें केलें. त्या दिवशीं मोजतां वाट 9 फूट भरली.

पाहुण्यांच्या गाड्या बंद करा, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्या वाटेनें जीप सुखानें जाते, तिनेंच मळणीयंत्र जातें व रात्रीं अपरात्रीं आजाऱ्यासही नेतां येतें. चालकांनीं दोन गोष्टी मात्र पाळाव्या. पावसानंतर काळ्या रानांत वाफसा आल्यावांचून चाक घालूं नये. ओल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात व त्यांत बैलाचा पाय मुरगळतो. गुरें समोर दिसतांच गाडी बंद करून उभें राहावें. भोंगा वाजवूं नये.

वाटेच्या तंट्यांत पुष्कळ शेतकरी दोन अर्जांची गल्लत करितात. शेतास वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 143 प्रमाणें बांधावरून वाट मिळण्याचा अर्ज तहसीलदाराकडे करावा. असलेली वाट कोणीं अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5 प्रमाणें दाद मागावी. परंतु ती अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आंत. सुगी उरकूं द्या, म्हणतां म्हणतां मुदत गमावलेले अर्जदार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

तथापि आपण होऊन बांध मागें घेतला, तर अर्जाची गरजच काय? येत्या उन्हाळ्यांत, मृगाच्या आधीं, आमचा बांध नकाशाप्रमाणें मागें सारण्याचें आम्हीं ठरविलें आहे. वाचकांनीं आपापली पांदण एकवार मोजून पाहावी, इतकीच विनंति.